दर गुरुवारी सैल होणारा स्क्रू

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला तो चष्म्यासाठी नाही, शिडी टेकवायची परवानगी मागायला. शेजारच्या शिंप्याच्या दुकानाची पाटी रंगवायची होती आणि शिडी आमच्या काचेला लागूनच उभी राहणार होती. मी म्हटलं, टेकवा, पण काच फुटली तर शिडीही आमची आणि ब्रशही आमचे. तो हसला आणि वर चढला. पुढचा अर्धा तास मी आतून त्याचे बूट पाहत होते, कारण दिसत तेवढेच होते.

मोठी अक्षरं त्याने झरझर काढली. खाली फोन नंबर लिहायची वेळ आली तेव्हा मात्र बूट एक पायरी खाली आले, मग आणखी एक. माणूस पाटीपासून लांब का सरकतो, हे चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्याला सांगावं लागत नाही. तो शिडी उचलायला आला तेव्हा मी सरळ विचारलं, की जवळचं धूसर दिसायला लागून किती दिवस झाले. त्याने आधी कानावर हात ठेवले. मग हळूच म्हणाला, कोणाला सांगू नका, पोटावर पाय येईल.

मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं. नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक भिंग बदलत विचारत गेले.

“पहिलं बरं की दुसरं?”

“पहिल्यात अक्षरं बरी दिसतात,” तो म्हणाला. थोडं थांबून – “दुसऱ्यात तुम्ही.”

मी त्याला अक्षरांकडे लक्ष द्यायला सांगितलं. हे काम मी सात वर्षं करतेय. वीतभर अंतरावरून रोज वीस-पंचवीस जणांच्या डोळ्यांत पाहते आणि संध्याकाळी त्यांतला एकही आठवत नाही. त्या दिवशी त्याच्या उजव्या डोळ्यातला बारीक तपकिरी ठिपका घरी पोचेपर्यंत आठवत होता. कामाचा भाग म्हणून आठवला असेल, असं म्हणून मी विषय मिटवला.

चष्मा तयार झाला. पुढच्या गुरुवारी चार वाजता पेंटर पुन्हा हजर. काडीचा स्क्रू सैल झाला होता. त्याच्या पुढच्या गुरुवारीही झाला. दर गुरुवारी दुपारी आमचे मालक भिंगं आणायला जातात आणि दुकानात मी एकटी असते, हे त्याला शिंप्याने सांगितलं असावं. चष्म्याचा स्क्रू दर आठवड्याला सैल होत नाही, फार तर वर्षातून एकदा होतो. मी हे बोलून दाखवलं नाही. मी स्क्रू आवळायचे, तो मला “डॉक्टर” म्हणायचा, मी डॉक्टर नाही असं मी दरवेळी सांगायचे, आणि तो पाटीवर हसऱ्या दाताचं चित्र काढून मागणाऱ्या दातांच्या डॉक्टरचे किस्से सांगत बसायचा. दोन मिनिटांच्या कामाला पाऊण तास लागायचा.

इथपर्यंत सगळं सोपं आहे. आता माझ्या डाव्या दंडाविषयी सांगते. तिथे बाहीच्या आत कोटाच्या बटणाएवढा एक सेन्सर चिकटवलेला असतो. आठव्या वर्षापासून मला टाइप वन डायबेटिस आहे. माझं शरीर इन्सुलिन बनवत नाही, ते मला रोज चार-पाच वेळा टोचून घ्यावं लागतं. लोकांना सुयांची कीव येते. सुयांचं काही नाही, त्रास आकड्यांचा आहे. पाव खाल्ला तर किती वाढेल, जिना चढले तर किती उतरेल, रडले तर काय होईल. एकोणीस वर्षांत एक दिवसही सुट्टी नाही. याचा मला भयंकर कंटाळा येतो, आणि कंटाळा आला असं म्हणायचीही सोय नाही, कारण लगेच कोणीतरी मला धीर द्यायला लागतं.

सेन्सर साखरेचा आकडा माझ्या फोनवर पाठवतो आणि आईच्याही. आई दुसऱ्या गावात राहते, पण आकडा घसरला की माझ्याआधी तिला कळतं.

पूर्वी एक इंजिनीअर होता. चांगला होता, मी त्याला नावं ठेवत नाही. पण दोन वर्षांत त्याचं “कशी आहेस” गेलं आणि “किती आहे” आलं. हात हातात घेतला तरी तळव्याला घाम सुटलाय का, हेच आधी पाहायचा. ते प्रेम होतं की पहारा, हे शेवटी मला कळेनासं झालं आणि मी ते संपवलं. म्हणून पेंटरला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्याने एकदा मला पेशंट म्हणून पाहिलं की पुन्हा तसं… पहिल्यासारखं पाहणार नाही, याची मला खात्री होती. गुरुवारी मी लांब बाहीचा शर्ट घालायचे आणि फोनचा आवाज बंद करून तो ड्रॉवरमध्ये टाकायचे.

अडचण एकच होती. गुरुवारी साडेतीन वाजले की काहीही न खाता माझा आकडा चढायला लागायचा. एकशेवीसवरून एकशेऐंशी. मी दुपारच्या सूपवर संशय घेतला, मग बिस्किटांवर. आई दर गुरुवारी संध्याकाळी फोन करून आज पुन्हा काय खाल्लंस म्हणून विचारायची. मी काही नाही म्हणायचे, आणि ती “बरं” म्हणून फोन ठेवायची. ती असं “बरं” म्हणाली की तिचा विश्वास बसलेला नसतो. छाती धडधडली की साखर वाढते, हे डॉक्टरांनी मला लहानपणीच सांगितलं होतं, पण ते परीक्षेबद्दल. ते इथेही लागू होईल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चौदाव्या गुरुवारी माझा संयम सुटला. आकडा एकशेनव्वद, शेजारी वर जाणारा बाण. मी रागारागाने दोन युनिट इन्सुलिन जास्तीचं घेतलं, आणि नेमका त्याच दिवशी पेंटर वेळेवर आला नाही. साडेचार वाजले. धडधड थांबली, चढलेली साखर आपली आपण उतरली, आणि वरून इन्सुलिनने तिला आणखी खाली ओढलं. पाच वाजता तो आला, शिडी बाहेर आमच्या काचेला टेकवून. खांदे पावसाने भिजलेले, बाहीवर ओला निळा रंग. ड्रॉवरमधला फोन केव्हापासून इशारे देत होता, पण मुक्यानेच.

मी चष्मा हातात घेतला. मला दोन स्क्रू दिसायला लागले. साखर फार उतरली की मी वाटेल ते बोलते. चौदा आठवडे ज्याला अहो-जाहो केलं, त्याला मी म्हणाले, “तूच सैल करतोस. दर बुधवारी बसून. मला कळत नाही असं वाटतं तुला?” आणि मी मटकन खाली बसले.

दुकानाचा फोन वाजला. मला उठता येईना, म्हणून त्याने उचलला. पलीकडे आई होती. आईचा आवाज असा आहे की तिला फोनची गरज नाही, मला फरशीवरूनही सगळं ऐकू येत होतं. तू कोण, हे तिने विचारलं नाही, सरळ सांगायलाच लागली. दुसऱ्या ड्रॉवरमध्ये ज्यूसची खोकी आहेत, नळी घालून तिच्या तोंडाला लाव, सगळं पिऊ दे. मग नुसता शेजारी बस आणि पंधरा मिनिटं तिला काही विचारू नकोस, तिला ते आवडत नाही.

त्याने तसंच केलं. खोक्याखाली त्याने आपली दोन बोटं धरली आणि समोरच्या फ्रेम पाहत राहिला. मी मनातल्या मनात वाट पाहत होते… आता विचारेल, बरं वाटतंय का. आता विचारेल, किती आहे. पंधरा मिनिटं झाल्यावर त्याने घड्याळाकडे पाहिलं.

“स्क्रूचं कधीपासून माहीत होतं?”

“पहिल्या गुरुवारपासून.”

“आणि तरी आवळत राहिलात.”

मला त्या क्षणी तो इतका आवडला की भीती वाटली. मी उठले, बाही खाली ओढली आणि गिऱ्हाईकाला नंबर सांगावा त्या आवाजात त्याला सगळं चार वाक्यांत सांगून टाकलं. शेवटी हेही सांगितलं, की आणखी एक पहारेकरी मला नको. तो म्हणाला, मी काही विचारलं का. मी म्हटलं, सुरुवातीला कोणीच विचारत नाही. स्क्रू पक्का बसवायला आमच्याकडे एक निळा डिंक असतो. त्याचा थेंब मी त्याच्या स्क्रूवर सोडला, आवळला आणि सांगितलं, की हा आता वर्षभर हलणार नाही. त्याने चष्मा घातला आणि शिडी न उचलताच निघून गेला.

पुढच्या गुरुवारी साडेचार वाजेपर्यंत कोणी आलं नाही. आकडा एकशेबारा, रेघ अगदी सपाट. अशा रेघेसाठी मी एकोणीस वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि ती पाहून मला रडू आलं. तेवढ्यात आईचा फोन आला. आज तिने काय खाल्लंस विचारलं नाही. तुझा गुरुवार आज आला नाही वाटतं, म्हणाली. इतके दिवस तिला वाटत होतं मी चोरून केक खातेय. मागच्या आठवड्यात त्याचा आवाज ऐकला तेव्हा तिच्या डोक्यात प्रकाश पडला.

“फोन ठेवताना त्याने विचारलं, अजून काय करू,” आई म्हणाली. “मी म्हटलं, काही नाही. तर म्हणाला, बरं, मग नुसता बसतो. मला एकोणीस वर्षांत ते जमलेलं नाही गं.”

पावणेपाचला दार उघडलं. चष्मा नाकावर होता. डाव्या काडीवर एक ताजा ओरखडा.

“मंगळवारी पक्कड लावून पाहिली,” पेंटर म्हणाला. “जागचा हलत नाही.”

“मग आज काय काम काढलंत?”

“तेच… आज काही कारण नाहीये.” नखातला निळा रंग खरवडत तो उभा राहिला. “शिडी राहिलीय. पण ती न्यायला आलो नाही.”

इतक्या आठवड्यांत तो पहिल्यांदाच काही गमतीचं बोलला नाही. मी ड्रॉवर उघडला, फोन काढला आणि त्याच्या बाजूने वळवून काउंटरवर ठेवला. हे मी स्वतःहून कधी कोणाला दाखवलेलं नाही. आकडा एकशेचोवीस होता. आम्ही दोघं पाहत असतानाच एकशेएकोणचाळीस झाला आणि बाण वर वळला.

“हे चांगलं की वाईट?”

“हे तुमच्यामुळे,” मी म्हटलं. “दर गुरुवारी होतं. मी काही खाल्लेलं नसतं. तुम्ही यायचे असता.”

मी करून दिलेल्या चष्म्यातून त्याने तो आकडा बराच वेळ, अगदी जवळून वाचला. मग विचारलं, आता सुई घ्यावी लागेल का. मी म्हटलं नाही, मागच्या वेळी तीच चूक केली होती. हे आपोआप उतरतं.

“तोवर मी बसलो तर चालेल?”

“तुम्ही बसलात तर उतरणार नाही.”

त्याने स्टूल ओढलं आणि बसला. दुकानाचा फोन वाजला. मी उचलला आणि आईने विचारायच्या आत सांगितलं, की मी काही खाल्लेलं नाही.

“दिसतंय मला,” आई म्हणाली आणि तिने फोन ठेवला.