दोन खाटांची खोली

खोटं वाटेल, वाटू द्या. हे माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या बाबतीत घडलंय, आणि त्या थापा मारणाऱ्यातल्या नाहीत.

तेव्हा त्या कॉलेजात होत्या. सुट्टी लागून चौथा दिवस. भर दुपार. मुलींच्या हॉस्टेलचा तिसरा मजला.

रेक्टरबाईंनी सगळ्यांना बाहेर काढून हॉस्टेल रिकामं केलेलं. मेसला कुलूप. आईवडील नव्हते, आणि काकांनी फोनवरच सांगितलं होतं, "आता तुझं तू बघ."

म्हणून त्या खोलीतच लपून राहिल्या. दोन दिवस बिस्किटं. मग नुसतं नळाचं पाणी.

त्या दुपारी कडी लावून पडल्या. डोळा लागला. जाग आली तर...

बॅग जागेवर नव्हती.

कडी तशीच. आतून.

दार उघडलं. बॅग बाहेर, भिंतीला नीट टेकवलेली. एखाद्याला घालवायचं असलं की ठेवतात, तशी.

त्यांनी ती आत आणली. कडी लावली. पाणी प्यायला पाठ फिरवली, तोच...

सर्रर्र.

बॅग पुन्हा बाहेर. कडी लागलेलीच.

आता त्यांनी दार सताड उघडं टाकलं आणि खाटेवर येऊन बसल्या. समोरची रिकामी खाट करकरली. गादी हळूहळू दबली... कुणी बसावं तशी.

आणि अगदी कानाशी आवाज आला.

"जा."

पोटात कण नव्हता. पण त्या उठल्या नाहीत.

"काकांनी हाकललं. रेक्टरबाईंनी हाकललं. आता तूही? मी हलणार नाही. तुला राहायचंय तर राहा. खाटा दोन आहेत."

मग... उघड्या दारातून बॅग आपोआप आत सरकली.

जाऊबाईंनी तिथेच वही ओढून अर्ज लिहिला. 'ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी सुट्टीतही हॉस्टेल आणि मेस चालू ठेवा.' खाली सही केली. दुसऱ्या दिवशी लपतछपत नाही, मधल्या जिन्यानं ताठ उतरून ऑफिसात गेल्या.

जुन्या क्लार्कनं अर्ज वाचला.

"दुसरी मुलगी कुठंय?"

"कोण दुसरी?"

त्यानं कागद फिरवला. त्यांच्या सहीखाली आणखी एक सही होती. शाई फिकट, जुनाट.

क्लार्कनं ते नाव पुन्हा वाचलं, "ही तर अशाच एका सुट्टीत इथं वारलेली," असं पुटपुटला आणि अर्ज घेऊन साहेबांच्या खोलीत गेला. संध्याकाळी मेसचं कुलूप निघालं.

नाव काय होतं, मी कितीदा विचारलं.

"तिनं सही केली ना? मग झालं," एवढंच म्हणतात.

मला मात्र अजून रिकाम्या खाटेसमोर बसवत नाही.