परसदारचा कॅसोवरी

कॅलम पहिल्यांदा आमच्या आइस्क्रीमच्या टपरीवर आला, तेव्हा मी हातातली पपईची साल पाठीमागे लपवली.

"काय लपवलंस?"

"रेंजरला बघून सगळेच काहीतरी लपवतात."

तो हसला. ओले केस, गालाला खळी... माझी पंचाईतच झाली! फणसाचं आइस्क्रीम खाता खाता तो म्हणाला, "एक कॅसोवरी पिलांना घेऊन सारखा रस्त्यावर येतोय. कोणीतरी खाऊ घालतंय त्याला. काही दिसलं तर सांगशील, टेगन?" नाव त्याने माझ्या एप्रनवर वाचलं होतं.

"सांगेन की," मी म्हणाले. इतकं सहज, की माझी मलाच शरम वाटली.

खाऊ घालणारी मीच होते. सकाळी समुद्रातलं प्रवाळ बघून पाहुणे दुपारी आमच्या जंगलात येतात, आणि त्यांना माणसाएवढा, निळ्या मानेचा तो पक्षी बघायचा असतो. तो परसात दिसला की गाड्या थांबतात, आइस्क्रीम खपतं. म्हणून ऑगस्टपासून मी साली टाकत होते. खाऊ घातलेला कॅसोवरी म्हणजे मेलेला कॅसोवरी, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही जाणतात. माहीत नव्हतं असं मी कुठल्या तोंडानं म्हणणार?

कॅलमच्या फेऱ्या वाढल्या.

"आज कुठलं देऊ?"

"तुला आवडतं ते."

"मला तर सगळीच आवडतात."

"सगळी? मग माझा नंबर कधी लागायचा?"

मी लाजले... आणि तेवढ्यात तो म्हणाला, "या रस्त्यावर तुझ्यासारखी चार माणसं असती ना, तर मला कामच उरलं नसतं." मी मान खाली घालून चमचे पुसत राहिले.

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी तो भिजून आला. हसला नाही.

"एक पिलू गेलं. वळणावर, गाडीखाली. बाप तिथंच उभा होता गं... हलेचना."

कॅसोवरीची पिलं बापच वाढवतो. तो जाईल तिकडे ती जातात, आणि त्याला या वाटेला मी लावलं होतं.

"मला शेजारच्या बागवाल्याचा संशय आहे. चांगला फैलावर घेतो त्याला!" तो जायला वळला. गप्प बसले असते, तर तो उद्याही आला असता.

"कॅलम, थांब. मी — मीच घालत होते. ऑगस्टपासून."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. "आणि मी रोज तुलाच विचारत होतो," तो हळूच म्हणाला. "मजा वाटली असेल, नाही?"

"लाज वाटत होती रे. पण तू यायचा बंद होशील... याची भीती जास्त होती."

त्याने वहीत माझं नाव लिहिलं आणि निघून गेला. मी तिथेच बसून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात हजर! हातात पत्र्याचं झाकण आणि पळी. "सवयीनं येईल तो. त्याला पिटाळायचं. रोज."

"मी?"

"लळा लावलास तू, तोडायचाही तूच."

कॅसोवरी आला, मागे पट्ट्यापट्ट्यांची तीन पिलं. कुंपणाशी थांबून तो माझ्याकडे बघू लागला. माझा हातच उठेना.

"वाजव, टेगन."

मी वाजवलं. ओरडले, रडले, पुन्हा वाजवलं. त्याला खरंच वाटेना. मग तो वळून झाडीत शिरला, पिलं त्याच्यामागे.

"किती दिवसांत विसरेल तो?"

"महिना. फार तर दोन."

"आणि... तू?"

कॅलमनं माझ्या हातातलं झाकण काढून घेतलं. हात मात्र सोडला नाही.

"मला जास्त लागतील," तो म्हणाला. "उद्याही सकाळी सहाला तयार राहा, मी येतो."