एका कौलात दोन प्रश्न

इब्रामपूरची बस धारगळच्या वळणावर आली, आणि मागच्या सीटवरची मुलगी नाक दाबून, गाल फुगवून कुंथायला लागली.

शिवदास कंडक्टर. त्याला वाटलं, उलटी! तो प्लास्टिकची पिशवी घेऊन धावला.

"उलटी नाही रे... काळीज धावतंय. असं केलं की थांबतं."

"कुणाच्या मागे धावतंय?"

"तुझ्या बसच्या तर नाही. ती कुठे धावते!"

ती हसली. ओठ मात्र पांढरेफटक होते.

भाग्यलक्ष्मी तिचं नाव. मग रोज तीच सीट, रोज थट्टा — आणि तिचं तिकीट फाडायला त्याच्या बोटांना जरा जास्तच वेळ लागायचा.

एकदा पाऊस झोडपत होता. तिच्या खिडकीची काच वर राहीना, म्हणून तो ती हाताने धरून उभा राहिला. तेव्हा तिने सगळं सांगितलं. हृदयाच्या मागे एक मोठी शीर असते, कोरोनरी सायनस. हृदयाचं स्वतःचं वापरलेलं रक्त तिच्यातून परत येतं. हिच्या त्या शिरेला जन्मापासून एक छोटी पिशवी होती. तिथून ठोके चालवणाऱ्या करंटला चोरवाट मिळायची, आणि ठोके सुटायचे. एकदा वायर घालून ती वाट शिरेच्या बाहेरून जाळली होती. पुन्हा सुरू झाली.

"आता शिरेच्या आत शिरून जाळायचं म्हणतात. अगदी लागून हृदयाला रक्त देणारी नळी आहे... तिला चटका बसला तर—"

"आणि नाही केलं तर?"

"कधीतरी असंच धावता धावता... थांबेल."

"गप गो."

पुढच्याच रविवारी त्याने तिच्या बाबांकडे मागणी घातली. कृष्णनाथकाका भला माणूस, पण देवाला विचारल्याशिवाय पान हलवायचा नाही. देवळात कौल घ्यायला भटजींनी मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवाला दोनदा त्रास कशाला, म्हणून काकांनी दोन्ही एकदमच विचारलं — "पोरीचं ऑपरेशन करू, आणि तिला शिवदासला देऊ?"

डावी पडली.

काकांनी देवाला हात जोडले. "झालं. ऑपरेशन नाही, काही नाही."

भाग्यलक्ष्मीने छातीवर हात ठेवला. ते शिवदासने पाहिलं.

"काका... देव मलाच नको म्हणाला असेल. मी बाजूला होतो. इथेच, देवासमोर सांगतो. आता नुसतं ऑपरेशनचं विचारा."

"शिवदास!" ती ओरडली.

पुन्हा पाकळ्या लागल्या.

उजवी पडली. काका आनंदाने रडले. तीही रडली.

ऑपरेशन झालं. शिरेच्या आतली वाट जळाली, नळीला धक्का लागला नाही. शिवदास तिला भेटायला गेला नाही. तो दिसला तर देवाचा होकार फिरेल, ही काकांची भीती. मग तिनेच फोन केला.

"बरी आहेस?"

"ठोके सरळ पडतायत. डॉक्टर म्हणाले, सुटलीस."

"मग रडतेस कशाला गो?"

"देवाला दोनदा विचारलंत तुम्ही... मला एकदा तरी विचारलंस?"

"विचारलं असतं, तर—?"

"हो म्हटलं असतं. मरायचं असतं तरी."

"आता... आता विचारू?"

पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. सरळ, एकसारखा.

"बाबा आले," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.