सहा जानेवारीची गर्दी

नांदेडच्या बसस्टँडबाहेर शेअर रिक्षात माझ्या शेजारी एक तरुण येऊन बसला. मांडीवर फॉर्मांचा गठ्ठा. रिक्षा खड्ड्यात गेली की तो गठ्ठा असा कवटाळायचा, की मला हसूच आलं.

"हसा," तो म्हणाला. "आज ऑफिसात माझी पूजा बांधणार हायत. लातूरहून कोणी मॅडम येऊन राहिल्या, माझ्या चुका दाखवायला."

ती मॅडम मीच होते. तेव्हाच सांगायला हवं होतं… पण तो इतकं सरळ बघत होता, की मी गुपचूप रस्ता बघत बसले.

मी दामिनी, उदगीरची. लातूरला महादेवप्पा सरांच्या छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते. नांदेडच्या एका ट्रस्टचं मोतीबिंदू शिबिर होतं, साठी ओलांडलेल्यांसाठी. त्याच्या नोंदणीचा प्रोग्रॅम मी एकटीने लिहिला होता, आणि त्याची मला भारी घमेंड होती. मुदखेडजवळच्या खेड्यांत घरोघर फिरून दयानंदने, म्हणजे या रिक्षातल्याने, चारशे बारा म्हाताऱ्यांचे फॉर्म भरले होते आणि नंतर प्रोग्रॅममध्ये टाइप केले होते. त्यातले बेचाळीस जण साठी उलटूनही यादीतून गळाले होते. चार वाजता यादी डॉक्टरांकडे जाणार होती, आणि राहिलेल्यांचा नंबर थेट पुढच्या वर्षी.

ऑफिसात ट्रस्टचे सचिव किशनराव त्याला उभं करूनच बोलत होते. मला पाहून दयानंदच्या सगळं लक्षात आलं.

"रिक्षात बोलला न्हाईत," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही विचारलं नाही," मी म्हणाले.

आम्ही शेजारी बसलो. तो फॉर्मवरची तारीख वाचायचा, मी स्क्रीनवर शोधायची. एक जून. पुढचा फॉर्म, एक जून. त्याच्या पुढचाही. सगळे एकाच दिवशी जन्मले का, असं विचारलं तर तो हसला. शाळेत घालताना गुरुजी तेच लिहायचे, म्हणाला. खरंच की, उदगीरला माझ्या अप्पांचाही वाढदिवस एक जूनच. मी स्क्रीनवर एक जून शोधला. एकही माणूस नाही! आणि सहा जानेवारीला एकशे त्रेपन्न जणांची गर्दी.

टाइप केलेल्या अक्षरांची तारीख करणारा कन्व्हर्टर फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या तयार सांगाड्यात, आयताच मिळतो, पण तो महिना आधी वाचतो. आपल्याकडे दिवस आधी. म्हणून स्वतःचा कन्व्हर्टर लिहून फॉर्मला जोडायचा असतो, तो मी जोडलाच नव्हता. तपासताना टाकली होती माझी जन्मतारीख, आठ ऑगस्ट. आठ-आठ, कुठूनही वाचा. दयानंदने पाच मार्च लिहिलं, मशीनने तीन मे घेतलं. दिवस बारापेक्षा मोठा असला की रकाना कोराच, आणि तारीख नाही म्हणजे वय नाही, यादीत नाव नाही.

"माझीच बोटं चुकली असतील," तो म्हणाला. "गावात तोंड कसं दाखवू आता?"

मी उठून व्हरांड्यात गेले आणि सरांना फोन लावला. गुपचूप दुरुस्त कर, टायपिंगची चूक होती म्हण, नाहीतर तुझं इथलं काम संपलं, असं सरांनी बजावलं. मी परत येऊन बसले. तारीख कशीही टाइप केली तरी चालेल असं काहीतरी लिहिते, एवढंच त्याला म्हणाले.

नवा कन्व्हर्टर लिहिला. दिवस आधी. टिंब चालेल, रेघ चालेल, मराठी आकडेही चालतील. दयानंद वाकड्यातिकड्या तारखा टाकून तो तपासत होता.

"आन कोणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी असं लिवलं तर?"

"तर माझा कन्व्हर्टर हात टेकेल."

"आन तुमी?"

"मी पंचांग उघडेन."

त्याने माझ्याकडे पाहिलं… आणि पटकन मान खाली घातली. मला तो आवडला होता. म्हणूनच शेजारी बसवत नव्हतं.

त्याने टाइप केलेला मजकूर सर्व्हरवर जसाच्या तसा होता. तो नव्या कन्व्हर्टरमधून पुन्हा फिरवला. साडेतीनला बेचाळीस नावं यादीत आली. किशनराव खूश झाले. मॅडमनी निस्तरलं, म्हणाले, आणि पुढच्या शिबिराला दुसरा मुलगा बघू. दयानंद फॉर्म आवरू लागला.

"त्यांची एकही तारीख चुकलेली नाही," मी म्हणाले. "चूक माझ्या प्रोग्रॅमची आहे. माझी."

किशनरावांनी चष्मा काढला आणि सरांचा नंबर मागितला. मी दिला. दयानंद माझ्याकडे न बघताच बाहेर पडला. मी जिन्यात त्याला गाठलं.

"कधी कळलं?"

"बारा वाजता."

"साडेतीन तास मी मेल्यागत बसलो तुमच्या शेजारी."

"भीती वाटली."

"नोकरीची?"

"आधी नोकरीची. मग… तुम्ही पुन्हा बोलणार नाही, याची. मला तुम्ही आवडलात."

त्याने फॉर्मांचा गठ्ठा कठड्यावर टेकवला.

"बेचाळीस घरी जाऊन सांगायचंय, नाव आलं म्हणून," तो म्हणाला. "माझ्यावर आता कोणी भरवसा ठेवणार न्हाई. तुमी चला."

"प्रत्येक घरी माझी चूक सांगू?"

"हाव. लई राग आलाय मला, प्रत्येक घरी सांगा." मग तो एक पायरी उतरून थांबला. "शेवटी माझ्या घरी जाऊ. तिथं चूक न्हाई सांगितली तरी चालंल. आत्ता जे बोललात, तेवढं सांगा."