डाव्या खांद्यामागे

दातांच्या डॉक्टरांनी ताईंच्या तोंडात एक नळी, एक आरसा आणि कापसाचे दोन बोळे घातले, दिवा खाली ओढला, आणि मग पन्नाशी उलटलेल्या, टक्कल पडलेल्या त्या गृहस्थांनी खुदकन हसून विचारलं, "ताई, तुमच्या मागे कोण आहे?"

ताईंनी उजवीकडे वळून बघितलं. नळी निसटली, आरसा गालाला टोचला, पण त्यांनी बघितलंच. डॉक्टर धन्य झाले. काढायला घेतलेला दात त्यांनी त्या आनंदात वाचवला.

असं सगळीकडे व्हायचं. सकाळी शाळेआधी टीव्हीवर लागणाऱ्या ताईंच्या पाव तासाच्या कार्यक्रमावर दोन पिढ्या वाढल्या होत्या. ताई गोष्ट सांगायच्या. गोष्ट ऐन रंगात आली की गब्दू नावाचं कापडी अस्वल त्यांच्या डाव्या खांद्यामागून हळूच डोकं वर काढायचं. ताई कॅमेऱ्यात बघून विचारायच्या, "माझ्या मागे कोण आहे?" घरोघरी पोरं टीव्हीसमोर उभी राहून बोंबलायची, "मागे! ताई, मागे!" ताई उजवीकडे बघायच्या. "इथे तर कुणीच नाही!" पोरांनी कपडे फाडायचे तेवढे बाकी राहायचे.

उजवीकडे बघणं ही साधी गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी करून बघावं. आधी भुवई, मग खांदा, मान सगळ्यात शेवटी. डोळ्याच्या कोपऱ्यातूनसुद्धा डावीकडे बघायचं नाही. मोठ्या माणसांना फसवता येतं, मुलांना नाही. दुसऱ्या वाहिन्यांवरच्या तरुण मुली हा खेळ करायला गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात चोरून बघताना सापडल्या. ताई कधीच सापडल्या नाहीत. गब्दूचा चेहरा समोरून कसा दिसतो हे त्यांना फक्त पोस्टरवरून ठाऊक होतं, आणि हे त्या अभिमानाने सांगत.

"आमच्या ऑफिसात सगळेच उलट्या बाजूला बघायचे," नवरा म्हणायचा. "पण टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत."

"कारण तुम्ही मान आधी वळवता," ताई म्हणायच्या.

गब्दूच्या पोटात हात घालून ताईंच्या खुर्चीमागे पाय मुडपून बसायचे ते मामा. त्यांचे गुडघे गेले तेव्हा ते लेकीकडे राहायला गेले, आणि जाताना कुणालाही न विचारता गब्दूला पिशवीत घालून घेऊन गेले. त्याच सुमारास नवा निर्माता आला. त्याच्या केबिनमध्ये चहा बशीसकट जायचा, म्हणून अख्खा स्टुडिओ त्याला पाठीमागे जावईबापू म्हणायचा.

"ताई, अस्वल गेलं ते एका परीनं बरंच झालं," जावईबापू म्हणाला. "तो मागे-बिगेचा प्रकार आता बंद करू. आजची मुलं फार हुशार आहेत हो. खरं सांगू का, त्या वेळेला कार्टून लावावं असा विचार चाललाय."

ताईंनी चष्मा काढून पुसला. "मुलं अस्वलासाठी ओरडत नाहीत. माझ्यासाठी ओरडतात."

"मागे कुणीच नसताना?"

"कुणीच नसताना."

"समोर मुलं बसवू? थेट प्रक्षेपण?"

"बसवा. नाही ओरडली, तर त्याच दिवशी मी खुर्ची सोडते."

जावईबापूने दोन्ही हातांनी त्यांचा हात हातात घेतला. इतकं सोपं जाईल असं त्याला वाटलं नसावं.

तो दिवस यायच्या आत काही भाग नेहमीसारखे रिकाम्या स्टुडिओत झाले. ताई मोकळ्या खांद्याने प्रश्न विचारत, उजवीकडे बघत आणि घरी जात. एकदा त्यांनी स्टुडिओतल्या छोट्या पडद्यावर आपलं चित्र बघितलं. त्या स्वतः एका कडेला सरकलेल्या होत्या, आणि डाव्या खांद्याकडच्या उरलेल्या अर्ध्या चौकटीत मागची निळी भिंत.

"एवढी जागा कुणासाठी सोडलीस रे?" त्यांनी कॅमेरामनला विचारलं.

"सवय हो, ताई. गब्दूची."

"गब्दू एवढा होता?"

कॅमेरामनने पडद्याकडे बघितलं. मग त्याने कॅमेरा सरळ केला. पुढच्या भागात चौकट परत तशीच झाली होती, आणि वरूनही थोडी जास्त जागा सुटली होती.

नात टीव्हीसमोर बसून कार्यक्रम बघत होती, तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पडद्यावरच्या ताईंनी प्रश्न विचारला. नात ओरडली नाही. उशी पोटाशी धरून ती गालात हसत होती.

"अगं, ओरड ना! कोण आहे मागे?"

"सांगायचं नाही, आजी," नात म्हणाली आणि उशीत तोंड लपवून हसत सुटली.

ताईंनी मामांना फोन लावला.

"गब्दू कुठे आहे?"

"कपाटात. का हो?"

"सहजच. तुम्ही त्याला किती वर काढायचात?"

"तुमच्या कानापर्यंत. त्याच्या वर माझा हातच पुरायचा नाही. झालंय काय?"

"काही नाही. गुडघ्यांना शेक द्या," ताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

थेट प्रक्षेपणाच्या सकाळी एका शाळेचा अख्खा वर्ग सतरंजीवर येऊन बसला. कुणाचे बूट उलटे, कुणाचं नाक वाहतंय. ताईंना बरं वाटलं. ही माणसं त्यांच्या ओळखीची होती. काचेपलीकडे जावईबापू घड्याळ काढून बसला. आवाज येतो म्हणून गार हवेचं यंत्र बंद केलं गेलं. दारं लागली.

गोष्ट छान रंगली. कोल्हा विहिरीत पडला तेव्हा एक मुलगा रडलासुद्धा. मग ताई थांबल्या, पुढे झुकल्या.

"माझ्या मागे कोण आहे?"

कुणी ओरडलं नाही.

मुलं बघत होती. सगळी एकाच जागी, ताईंच्या डाव्या खांद्याच्या मागे. मग त्यांच्या नजरा हळूहळू वर चढल्या. कानापर्यंत. डोक्यापर्यंत. त्याच्याही वर. सतरंजीवरच्या सगळ्या हनुवट्या एकदम उचलल्या गेल्या.

"कोण आहे?" ताईंनी परत विचारलं.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने ओठांवर बोट ठेवलं. समोर कुणीतरी तसं केलेलं बघून आपणही करावं, तसं. शेजारच्याने ठेवलं. मग मागच्या रांगेने. गुपित राखणाऱ्या मुलांचं ते गोड, बदमाश हसू सगळ्यांच्या तोंडावर होतं.

काचेपलीकडे जावईबापूने घड्याळ उचललं.

ताईंना कळत होतं, एकदा डावीकडे बघितलं की खेळ संपेल. कुणीच नसेल. मुलं हसतील, किंवा नाही हसणार, आणि त्या घरी जातील.

त्यांच्या डाव्या कानाजवळची बट हलली.

आधी भुवई.

मग खांदा.

मग ताईंनी, जन्मात कधी बघितलं नव्हतं इतक्या सुंदर रीतीने, उजवीकडे बघितलं.

"इथे तर कुणीच नाही!"

वर्ग फुटला. मुलं सतरंजीवर उभी राहिली, नाचली, एकमेकांवर पडली. "मागे! ताई, मागे! तिकडे! तिकडे!" छताला टांगलेले दिवे थरथरले. ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढून टाकले. जावईबापू काचेपलीकडून धावत आला, पण ताईंनी त्याला बोलू दिलं नाही. "कार्टून दुपारी लावा," एवढंच म्हणून त्या मेकअप पुसायला गेल्या.

कार्यक्रम अजून चालू आहे. अस्वलाशिवाय. पोरं अजून घसा फोडून ओरडतात. नव्या मुली शिकायला येतात तेव्हा ताई ताठ बसून सांगतात, "आपल्याला दिसत नाही म्हणून मुलांना खोटं पाडायचं नाही. आणि काहीही झालं तरी तिकडे बघायचं नाही. हेच आपलं काम." मुली वहीत उतरवून घेतात.

ताई आता घरीदारीही डावीकडे बघत नाहीत. कामात जरा ढिलाई झाली की सगळं गेलं, असं त्या म्हणतात. जेवायला त्या डावी बाजू भिंतीला लावून बसतात. रस्ता ओलांडताना नवरा डाव्या हाताला चालतो आणि तिकडचं बघायचं काम त्याच्याकडे आहे.

"आहे का काही?" ताई समोर बघत विचारतात.

"काही नाही. चल," तो म्हणतो.

फक्त हल्ली ते म्हणण्याआधी त्याची हनुवटी वर जाते.