फाळक्यावरच्या दोन थापा

देवगाव फाट्यावर सिताराम मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. शहाऐंशी सालचा पूस महिना चालू होता. लोखंडी पाना हातात धरला की कळ कोपरापर्यंत जायची. असल्या थंडीत डिझेलची जुनी गाडी म्हाताऱ्यासारखीच. उठायचं म्हटलं की आधी खोकणार.

लिंबाजीची पिकअप सांजच्याला आली. रोज सकाळी रुसते, ऊन चढलं की मुकाट चालते, एवढंच त्याला सांगता आलं. इंजिन गार झाल्यावर सितारामनं स्टार्टर मारायला लावला. मागून पांढरा धूर निघाला, पण इंजिननं काही धरलं नाही.

"डिझेल येतंय, पेटत न्हाई. हीटर गेलेत तुझे. कवा उघडून बघितलंस का रं?"

थंडीत इंजिन तापवणारे चारी हीटर प्लग काढून त्यानं बॅटरीच्या तारेला लावून बघितले. दोन लाल झाले, दोन काळेच राहिले. नवे परभणीहून दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं येणार होते. तोवर त्यानं फिल्टरमधली हवा काढली, बॅटरीची टोकं गरम पाण्यानं धुतली आणि गाडी ढकलत शेडसमोरच्या उतारावर तोंड खाली करून लावली. हँडब्रेक नावालाच होता, म्हणून मागच्या चाकापुढं दगड. सकाळी स्टार्टरनं नाहीच उठली तर दगड काढायचा, गाडी घरंगळली की गिअर टाकायचा.

लिंबाजीचं तोंड पांढरं पडलं.

"मिस्त्री, सपाटीला लावा की."

"का? उतार चावतो का तुला?"

"तुमाला ठाऊक हाय."

ठाऊक सगळ्या फाट्याला होतं. दोन हिवाळ्यांमागं लिंबाजी गाडी अशीच चालू करायचा. तो ब्रेकवर पाय दाबून बसायचा. बायको, धुरपताबाई, दगड काढायची, मागं येऊन हौद्यात टाकायची आणि फाळक्यावर, हौद्याच्या मागच्या दारावर, दोन थापा मारायची. तिच्या हातभर काचेच्या बांगड्या अशा खळखळायच्या की निम्मा फाटा जागा व्हायचा. मग लिंबाजी ब्रेक सोडायचा. एका सकाळी त्यानं ब्रेक सोडला, तेव्हा ती अजून चाकापुढं वाकलेली होती.

"थापा ऐकल्या म्हणून सोडला," असं तो पोलिसांना बोलला, सोयऱ्यांना बोलला. कुणी मानलं नाही. चाकापुढं वाकलेल्या बाईचा हात मागच्या फाळक्याला पोचेल कसा? हे त्याच्या तोंडावर पहिल्यांदा विचारलं ते सितारामनंच. खोटारड्याला खोटारडा म्हणायला त्याला कधी लाज वाटली नाही.

गाडी उतारावरच राहिली.

तांबडं फुटायच्या आधी लिंबाजी पळत आला. मागून वच्छलाबाई सुईण त्याच्या लेकीला, कस्तुराला, धरून आणत होती. पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली.

"मिस्त्री, लेकरू आडवं हाय," वच्छलाबाई म्हणाली. "माज्या हातचं न्हाई राहिलं. परभणी गाठा, न्हाईतर दोगंबी जातेत."

पहिली एस.टी. आठला. दोघी बायका केबिनमध्ये बसल्या. स्टार्टर कण्हला, पांढरा धूर धुक्यात मिसळला. सितारामनं गोवऱ्यांच्या इंगळाची शेगडी इंजिनखाली, ऑइलच्या चेंबरला शेक लागेल अशी सरकवली. रॉकेलचा पेटता बोळा, इंजिन हवा ओढतं त्या तोंडाशी धरला. इंजिननं एक उचकी दिली आणि गप्प. आता बॅटरीही बसली, चावी फिरवली की नुसतं टक व्हायचं. आत कस्तुरा दात आवळून कण्हत होती.

"उताराशिवाय मार्ग न्हाई," सिताराम शेगडी ओढून घेत म्हणाला. "दगड काढतो."

लिंबाजीनं ब्रेकवर पाय दाबला. "मिस्त्री, थाप मारू नका. पुढं येऊन तोंड दाखवा. तोंड दिसल्याबिगर मी ब्रेक सोडणार न्हाई."

"फोटू काढायचाय का माजा?"

"दाखवा म्हणतो ना..."

सिताराम शिव्या पुटपुटत कंदील घेऊन मागं गेला. धुकं इतकं, की कंदिलाच्या उजेडात फक्त चाक आणि दगड. जळक्या शेणाचा आणि डिझेलचा वास दाटलेला. दगड चाकाखाली घट्ट रुतला होता. तो गुडघ्यावर बसला, मान मडगार्डखाली घातली, दोन्ही हातांनी दगड हलवला. दगड सुटला.

थप.

त्याचे हात तिथंच थांबले.

थप.

मागच्या फाळक्यावर. सावकाश, रुंद पंजाची थाप. चाक बोटभर पुढं सरकलं, त्याच्या मनगटाला रबर घासलं... आणि ब्रेक कचकन बसला. ब्रेक धरूनच राहिला.

सिताराम दगडासकट मागं रांगला. फाळक्यामागं कुणी नव्हतं. हौद्यात कुणी नव्हतं. तो गाडीला धरत धरत पुढं आला आणि कंदील आपल्या तोंडापाशी धरला.

काचेआडून लिंबाजी बघत होता. "ऐकल्या?"

सितारामनं मान हलवली. "पर लिंबाजी... बांगड्या न्हाई वाजल्या."

"त्या दिशीबी न्हवत्या वाजल्या," लिंबाजी हळूच म्हणाला. "ते मला नंतर उमगलं."

"अवं, सोडा की गाडी!" वच्छलाबाई ओरडली.

गाडी घरंगळली. गिअर पडला, एक हिसका, काळा धूर, आणि इंजिननं धरलं. मागचा लाल दिवा धुक्यात गेला. दगड सितारामच्या हातातच राहिला.

संध्याकाळी निरोप आला, पोट कापून लेकरू काढलं, पण मायलेक दोघं धड आहेत. दुसऱ्या दिवशी नवे हीटर बसवले. गाडी आता अर्ध्या चावीत उठायला लागली. सितारामनं चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत सांगितलं, "लिंबाजी खरा होता. खोटा मी." लिंबाजीनं चहा संपवला. गाडी घेऊन गेला, आणि त्यानंतर ती कधी उतारावर उभी राहिली नाही.

सितारामला वाटलं, मिटलं.

तिसऱ्या सकाळी तो शेडमध्ये एकटाच एका ट्रॉलीखाली उताणा पडून नट सोडवत होता. ट्रॉली जॅकवर. बाहेर धुकं. पायाकडं मागचा फाळका, आणि त्याच्याखालून दिसणारी मोकळी जमीन. तिथं कुणाचे पाय नव्हते.

थप.

पाना हातातून सुटून छातीवर पडला. डोक्याशी जॅक हळूच करकरला.

सितारामनं श्वास रोखला. दुसरी अजून वाजायची होती.