फक्त तीन डबे शिल्लक

राजशेखरनं गुन्हा सांगितला तेव्हा गायत्रीताई बिराजदारांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हसला तो त्यांचा मदतनीस मल्लिनाथ.

"गिऱ्हाईक पेढे मागवतं आन् तासाभरात नको म्हणतं. ह्यात चोरी कुठं हाय?"

"चोरी नाही, घातपात आहे," राजशेखर म्हणाला.

भूमला त्याच्या वडिलांचं, बसप्पांचं, खव्या-पेढ्याचं दुकान. दुकानाची वेबसाइट त्यानं पुण्यात कोर्स करून स्वतः बांधली होती. धाराशिवच्या या खासगी गुप्तहेर बाईंकडं तो आला होता तो सृष्टीविरुद्ध पुरावा मागायला. सृष्टी दुकानात डब्यांवर पत्ते चिकटवायची, म्हणजे गिऱ्हाइकांचे नंबर तिच्या हातात. ते ती समोरच्या पेढेवाल्या गुंडप्पाला पुरवते, असं मनाशी ठरवून त्यानं बाजाराच्या दिवशी, भर दुकानात, तिला चोर म्हणून हाकललं होतं. आता गावात तिला कुणी कामावर घेत नव्हतं.

"आधी शिक्षा, मग पुरावा," गायत्रीताई म्हणाल्या. "सोयीचं आहे. साइट दाखवा."

लाल अक्षरांत 'फक्त तीन डबे शिल्लक'. खाली उलटं पळणारं घड्याळ. 'घ्या' हे हिरवंगार बटण, आणि त्याच्या पायाशी करड्या, बारीक अक्षरांत: 'नको, घरच्यांचं तोंड गोड करायची इच्छा नाही.'

मल्लिनाथचं हसू मावळलं. "ताई, काल ह्यानंच मला दोन डबे घ्यायला लावले."

"हातातून निसटतंय असं वाटलं की माणूस पकडतो," राजशेखर उत्साहानं म्हणाला. "आणि नाही म्हणताना त्याला जरा लाज वाटली पाहिजे. मानसशास्त्र आहे ते."

"रद्द होतात त्या कुठल्या ऑर्डरी?"

"घड्याळ बघून दिलेल्याच. जुनी गिऱ्हाइकं व्हॉट्सॅपवर मागवतात, त्यांतली एकही नाही. आणि सोमवारी काहीच रद्द होत नाही. सोमवारी दुकानात मी आणि सृष्टी, दोघंच असायचो."

"रद्द करणाऱ्यांपैकी कुणाला फोन करून विचारलंत?"

"फोन कशाला, ताई? आकडे बोलतात की."

गायत्रीताईंनी चपला घातल्या.

भूमला बसप्पा भट्टीपुढं उभे होते. कढईत खवा, मागं छतापर्यंत पेढ्याचे डबे, शेजारी सुताचं रीळ. पत्ता चिकटवलेला प्रत्येक डबा ते स्वतः बांधत. मल्लिनाथ त्यांच्या पाया पडला, त्यांनी कानडीत आशीर्वाद दिला.

"रोज भट्टीपुढं? थकत न्हाय का, अप्पा?"

"सोमवारी सुटी असती की. येडशीला रामलिंगाला जातो, दिवस तिथंच."

"तीनच डबे उरलेत म्हणे," गायत्रीताई सहज म्हणाल्या.

कढईतलं उलथनं थांबलं. "साइटवर," बसप्पा म्हणाले.

समोरच्या दुकानात गुंडप्पा खुशीत होता. "यांचं तुटलेलं गिऱ्हाईक माझ्याकडं आलं असतं तर म्या पाटी नसती का लावली? एकबी आलं न्हाय, बाई. माझं नशीबच तसलं."

सृष्टी घरासमोर भांडी घासत होती. तिनं राजशेखरकडं पाहिलंच नाही. "नंबर दिसायचे, व्हय. पर फोन करून म्या बोलणार काय? निम्मी गिऱ्हाइकं कर्नाटकातली. मला कानडी येत न्हाय. दादांनी हे विचारलं असतं तर सांगितलं असतं."

गायत्रीताईंनी तिथूनच कर्नाटकातल्या आळंदच्या शिवम्मांना फोन लावला. त्यांचीही ऑर्डर रद्द झाली होती. बराच वेळ कानडीत बोलणं चाललं.

"बाईंना मराठी समजत नाही," फोन ठेवून त्या म्हणाल्या. "का रद्द केलं ते सांगत नाहीत, कुणालातरी शब्द दिलाय. पण सणाला पेढा तुमचाच घेणार आहेत."

"म्हणजे गुंडप्पाच!" मल्लिनाथ म्हणाला. "कानडी येतं त्याला."

"चला दुकानात."

भट्टीजवळच्या स्टुलावर बसून गायत्रीताईंनी उकल केली.

"गुंडप्पाला कानडी येतं, पण सृष्टीनं दिल्याशिवाय नंबर मिळत नाहीत आणि लाभही नाही, गिऱ्हाईक पुन्हा इथंच येतं. सृष्टीला नंबर दिसतात, पण कानडी येत नाही. शिवाय सोमवारी ती इथंच असायची, आणि नेमकं सोमवारीच काही रद्द होत नाही. मग असा माणूस हवा जो कानडी बोलतो, ज्याच्या हाताखालून प्रत्येक पत्ता जातो, जो सोमवारी दुकानात नसतो. त्याला गिऱ्हाईक तोडायचं नाही, फक्त त्याची घाई मोडायची आहे. म्हणून घड्याळाला घाबरलेल्यांनाच तो फोन करतो."

मल्लिनाथनं बसप्पांकडं पाहिलं आणि तोंडातला पेढा तसाच राहिला.

"अप्पा?" राजशेखर म्हणाला.

बसप्पांनी उलथनं खाली ठेवलं. "भ्यालेल्या माणसाला पेढा विकायचा? जमंना मला. म्हणायचो, भट्टी रोज पेटती, सणाला मागवा, माझं नाव तेवढं काढू नका. तुला आधी बोललो होतो. तू म्हणलास, शास्त्र हाय."

गिऱ्हाइकाला किती लाज वाटली की ते बटण दाबतं, हे राजशेखरनं मापून काढलं होतं. स्वतःला वाटली की डोळे कुठं ठेवायचे, ते त्याला ठाऊक नव्हतं.

"खोटे तीन डबे तुम्हाला खपले नाहीत," गायत्रीताई बसप्पांना म्हणाल्या. "पोरगी खोटी चोर ठरली, ते कसं खपलं?"

"पोराचं हसं झालं असतं," बसप्पा पुटपुटले. त्यांची मान वर आली नाही.

बापलेक सृष्टीच्या दारात गेले. तिचा बाप, नाव श्रीमंत, ओट्यावर बसला होता. बसा म्हणाला नाही.

"गैरसमज झाला," राजशेखरनं सुरुवात केली.

"कुणाचा?"

"माझा. सृष्टीनं काही केलं नव्हतं. मी खोटा आळ घेतला."

"मोठ्यानं बोला. शेजारीपाजारी दाराआड हायती, त्यांना ऐकू जाईना."

बसप्पा मध्ये बोलायला गेले. श्रीमंतनं हात वर केला. "थांबा अप्पा."

राजशेखरनं गळा साफ केला आणि तेच मोठ्यानं म्हटलं. दोन दारं उघडली. एक बाई पदर सावरत बाहेर आली. आतल्या चुलीपाशी चाललेला आवाज थांबला.

श्रीमंतनं सगळं ऐकून घेतलं, मग बसप्पांकडं वळला.

"हं. आता तुमी."